गुंतवळीचं पोतं

छत्रपती संभाजीनगर,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द सवयीने लिहिला. गुडघ्यांनी अनुमती दिली तर पुढच्या भेटीत प्रत्यक्ष घालीन.

तुझी नात सृष्टी दिवाळीची सुट्टी संपवून कॉलेजसाठी काल आमच्याकडे सुखरूप पोचली. तू दिलेली खोबरेल तेलाची बाटलीही पोचली, परंतु सुखरूप नव्हे. रसायनशास्त्राचं पुस्तक, दोन ड्रेस आणि माझ्या वाट्याचे अनारसे, सर्वांना अभ्यंगस्नान घडलं आहे. अनारसे मी तरीही खाल्ले. सौ. म्हणाली, तेल डोक्याला लावायचं असतं. मी म्हटलं, माझ्या डोक्याला ते लावणं म्हणजे पाटीला तेल लावणं. पोटात गेलेलं बरं.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि व्हिडिओवर मी रवंथ करणाऱ्या मेंढीसारखा दिसतो असा तुझा अभिप्राय आहे. म्हणून हे पत्र. अप्पाराव कांद्याचा टेम्पो घेऊन इकडे येतो तेव्हा त्याच्या हाती देतो. टपाल खात्याहून तो जलद आहे. पत्र फोडून वाचत नाही, पण कुठे काय पाहिलं ते सगळं सांगतो.

आता मुद्दा. तू म्हणशील, एक पान भरल्यावर मुद्दा. संस्कृतच्या मास्तराला मंगलाचरण चुकत नाही.

सृष्टीच्या वर्गात सायली नावाची मुलगी आहे. मार्चमध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. औषधं कडक, पण लागू पडली; डॉक्टर आता समाधानी आहेत. केस मात्र सगळे गेले. उस्मानपुऱ्यात एक छोटी संस्था अशा आजारी मुलामुलींच्या शिक्षणाचं पाहते. पुस्तकं देते, शिकवणीची सोय करते. दर गुरुवारी तिथे जाऊन मी सायलीला संस्कृत शिकवतो. पहिल्याच दिवशी माझ्याकडे निरखून पाहून ती म्हणाली, "सर, आपण दोघं सारखेच. फक्त माझे परत येणारेत."

अशी ही मुलगी. पण कॉलेजात यायला तयार नाही. जानेवारीच्या शेवटी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आहेत, त्या घरी बसून देता येत नाहीत. ओढणी गुंडाळून ये म्हटलं तर म्हणते, मग सगळे ओढणीकडेच बघतील. संस्था अशा मुलांना खऱ्या केसांचे टोप करून देते. एका टोपाला सहा वेण्या लागतात. पाच आल्या आहेत. सहावी पंधरा डिसेंबरच्या आत आली तर टोप जानेवारीत मिळेल. नाही तर पुढची खेप एप्रिलमध्ये.

सृष्टीला आपली वेणी द्यायची आहे. कमरेखाली वीतभर गेलेली, तू अकरा वर्षं वाढवलेली. तिचे आईबाप, पुंजाराम आणि सूनबाई, मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघाले आहेत; त्यांचा निरोप एवढाच, की आईला विचारा. दिवाळीत ती चार वेळा तुझ्यापुढे वेणीला बसली, चारही वेळा सांगायला तोंड उघडलं आणि जांभई देऊन उठली. तुझ्या होकाराशिवाय ती कात्री जवळ येऊ देणार नाही. म्हणून मी विचारतो आहे.

इत्यलम्.

तुझा
खंडू

*

९ नोव्हेंबर

चि. खंडूस,

आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान बांध, मग साष्टांगाचं बघू.

तुझं पत्र तीन पानी. दोन पानं तेलाची, एक पान कामाचं. बापानं तुला बोर्डिंगात घातलं तवाच मी म्हणले होते, ह्यो मेंढरं नाय राखायचा, पण बोलून बोलून मेंढरं पळवून लावंल.

दुसऱ्याच्या पोरीचे केस मागतोस, आधी आपल्या टाळक्यावर हात फिरव की. देणारा कोण, मागणारा कोण. चाळिशीतच तुझं रान उजाड झालं.

त्या सायलीचं वाचून जिवाला कसंतरी झालं. असल्या वयात असलं दुखणं. पोर तुला सारखंच म्हणाली ते बाकी झ्याक.

पण खंडू, वाढत्या पिकाला इळा कशापायी लावायचा? घरात रास पडलीय ना. तुला ठावं हाय, मी गुंतवळ फेकत नाय. विंचरताना फणीत आलेला एक केस वाया जाऊ देत नाय. माझी, सूनबाईची, सृष्टीची, अकरा वर्षांची साठवलीय. तो सांडू येतो ना, केसावर भांडी देणारा, त्याला मी वाटीवर द्यायची बंद केली. लई लुच्चा झालाय, एवढ्या मोठ्या गोळ्याला एवढीशी चाळणी दाखवतो. म्हणून ती तशीच पडलीय. पुरं दोन किलो हाय. अप्पारावाजवळ पोत्यात घालून धाडलीय. संस्थेत दे. एक सोडून चार पोरींचे टोप होतील.

मग येणी कापायची गरज काय ऱ्हायली?

सृष्टीला म्हणावं जेवत जा. आणि तेलाच्या बाटलीचं झाकण तूच सैल केलं असशील, अनारशाच्या डब्यात हात घालताना.

तुझी अक्का
सारजाबाई

*

१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अक्का,

सादर प्रणाम. झाकणाविषयीचा आरोप मी नाकारत नाही, कारण पुरावा मीच खाल्ला आहे.

पोतं मिळालं. अप्पारावने ते शहागंजच्या चौकात, भर बाजारात, माझ्या स्कूटरवर पुढे ठेवलं आणि दहा माणसांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, एवढे केस कुणाला?" एका टकल्या माणसाला हा प्रश्न भर चौकात विचारला जाण्यात जो रस उत्पन्न होतो त्याला आमच्या शास्त्रात नाव नाही. अत्तराच्या दुकानातले चाचा मला गेली वीस वर्षं ओळखतात. तेही डोळे पुसत होते. शोकाने नव्हे.

पोतं घेऊन मी संस्थेत गेलो. तिथल्या श्रेया मॅडम यांनी ते स्वहस्ते उघडलं. मग म्हणाल्या, आजवर इतक्या वेण्या आल्या, पण असं दान कोणी आणलं नव्हतं. तू माझी अक्का आहेस असं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्या अक्कांना माझा नमस्कार सांगा. तो सांगितला. पोतं आता योग्य ठिकाणी आहे, काळजी नसावी.

फक्त एक लहानशी बाब. श्रेया मॅडमच्या मते, या गुंतवळीला पूरक म्हणून एखादी वेणी असली तर बरं. पंधरा डिसेंबरचं लक्षात आहे ना?

सृष्टी जेवते. दोन पोळ्या. तिसरी मी आग्रह केल्यावर माझ्याच ताटात वाढते.

तुझा
खंडू

*

२० नोव्हेंबर

चि. खंडूस,

लई आनंद झाला. माझ्या पोत्याला बाईनं नमस्कार केला हे मी पाराजवळ वाचून दाखवलं. तुझं अक्षर देखणं, तेवढी एक गोष्ट देवानं तुला डोक्याच्या आत-बाहेर काय नाय असं बघून दिली.

आता ऐक. लीलाबाई पिठाच्या गिरणीवाली, केसरबाई, अंगणवाडीच्या मॅडम, सगळ्या म्हणाल्या, सारजाक्काचं पोतं घेतलं तर आमचं का नाय? घरोघरच्या भिंतीतल्या देवळ्या रिकाम्या झाल्या. चार पोती भरलीत. केसरबाईनं तर तिच्या सासूची जुनी गुंतवळ पण घातलीय, आता सासू नाय ऱ्हायली. म्हणाली, तिला कधी कुणाचं भलं करता आलं नाय, आता होऊ दे.

सांडू काल आला, भोंगा वाजवून वाजवून बेजार झाला, एक बाई बाहेर आली नाय. माझ्या दारात बसून म्हणाला, आक्का, माझ्या पोटावर का पाय देता. मी म्हणले, आमचा खंडू शहरात लई मोठा झालाय, त्येच्या शब्दावर पोती घेत्यात.

अप्पाराव पुढच्या फेरीला चारी पोती आणतो. शहागंजच्या चौकातच उभा ऱ्हा, म्हंजी चुकामूक नाय व्हायची. त्या श्रेयाबाईचा पोत्यासंगट एक फोटो धाड. बायांना बघायचाय.

पूरक बिरक मला कळत नाय.

अक्का

*

२५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अक्का,

त्वरित प्रणाम. पोती पाठवू नकोस.

संस्थेची खोली लहान आहे. पाऊस नसला तरी दमट हवा असते. श्रेया मॅडम गावी गेल्या आहेत. शिवाय अप्पारावच्या टेम्पोला कांद्याचा वास असतो आणि केस वास धरतात. कारणं आणखीही आहेत, पण एका पत्रात चाराहून अधिक कारणं दिली की माणूस खोटा वाटतो असा माझा अध्यापनातला अनुभव आहे.

तुझं पहिलं पोतं निरर्थक गेलेलं नाही एवढं मात्र मी शपथपूर्वक सांगतो. त्याच्यामुळे चार लहान जिवांना या थंडीत ऊब मिळाली आहे. हे अक्षरशः खरं आहे.

अक्का, थोडं गंभीर. परवा सृष्टीबरोबर मी सायलीच्या घरी गेलो. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. सायली टोपी घालून अभ्यासाला बसली होती, आणि कॉलेजमधल्या कुणाचा तरी फोन आला की कॅमेऱ्यावर अंगठा ठेवायची. मग सृष्टीची वेणी हातात धरून म्हणाली, "ही देऊ नकोस हं. हिच्याशिवाय तुझ्यात बघण्यासारखं काय आहे?" दोघी हसल्या. सृष्टी घरी येईपर्यंत हसत होती आणि घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. केस धुतले म्हणाली. डोळेही धुतले होते.

तिने तेल लावणं बंद केलं आहे, कारण तेलकट केस संस्थेला चालत नाहीत. रोज केस सुकवायला गॅलरीत बसते आणि रस्त्याकडे बघते. अप्पारावचा टेम्पो त्याच रस्त्याने येतो.

मला हो किंवा नाही कळव. दोन्ही शब्द लहान आहेत.

तुझा
खंडू

*

१ डिसेंबर

खंडू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देते, आधी कान धर.

अप्पाराव परवा तुझ्या घरी कांदे टाकायला आला होता. जिन्याखाली माझं पोतं बघितलं त्यानं. त्यात शेजारची मांजर व्याली हाय. चार पिल्लं. चार लहान जीव, व्हय ना? शपथ घेतो वर. आता मला कळलं संस्कृत कशाला शिकवत्यात.

पण अप्पारावानं सांगायची गरज नव्हती रे. मी कुणाची पोर हाय? नवव्या वर्षापास्नं मी बापासंगं मेंढरं कातरलीत. काट्याकुपाट्याला अडकून गळालेली लोकर गोळा करायचो, तिचं सूत निघतं का? नाय निघत. मुळं एकीकडं, टोकं एकीकडं, सगळा गुंता. दाबून दाबून बसायला जेन करायचं त्याचं, जाड आसन, बास. सुताला लागती ती कातरलेली लोकर, एका बाजूनं पडलेली. माणसाच्या केसाला येगळा कायदा हाय व्हय? पोतं धाडलं तवाच मला ठावं होतं, कुणी घ्यायचं नाय.

मग कशाला धाडलं इचारशील. नाय म्हणायला जीभ उचलंना, आणि व्हय म्हणायला काळीज. म्हणून पोतं धाडलं. वाटलं, तू सरळ लिहिशील, अक्का हे चालत नाय, मग मी भांडंल, तू भांडशील, त्यात काय ते ठरंल. तर तू नमस्कार घेऊन आलास. मग मला बी चेव आला. चार पोती काय, एक बी भरलं नाय. केसरबाईची सासू जिती हाय, कालच माझ्याकडं ताक मागून गेली. सांडूला मात्र हे सगळं सांगितलं, तो हसून हसून खाली बसला आणि एक चाळणी फुकट देऊन गेला.

आता माझं ऐक. दुसऱ्या कुणाला बोलले नाय.

ती सहा वर्षांची व्हती तवापास्नं दिवाळी झाली की आईबाप मेंढरामागं जात्यात आणि पोर माझ्यापाशी. माझे कान तवाच गेले. ती बोलायची ते मला वाऱ्यासारखं लागायचं, शब्द नाय. मग येणी घालताना मी इचारायची, भाकरी खाल्ली का, मास्तरनं मारलं का, आईची आठवण येती का. आणि येणी माझ्या मुठीत असायची. मान हलली की मुठीत कळायचं. अशी हलली की व्हय. अशी हलली की नाय. रडत असली की येणी बारीक थरथरती, तिनं तोंड फिरवलं तरी. अकरा वर्षं मी माझ्या नातीला असं ऐकलंय. शाळेतनं आली की आधी येणीला बसायची. लोक म्हणायचे, म्हातारीला केसाचा काय नाद.

दिवाळीत चार वेळा बसली तवा बी मला कळलं व्हतं, हिच्या पोटात काय तरी हाय. इचारलं नाय. भ्याले.

केस कापलेली पोर म्हणून गावात नाव ठेवतील, त्याची मला फिकीर नाय. पण कापल्यावर मी तिला ऐकू कशी?

थोडं थांब. मी लिहीपर्यंत लिहू नको.

आशीर्वाद. पिल्लांना दूध घाल.

अक्का

*

४ डिसेंबर २०२५

अक्का,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितो आहे. आज्ञाभंगाची ही दुसरी वेळ, पहिली अनारशांची.

चूक झाली. श्रेया मॅडमनी पहिल्याच मिनिटाला तुझंच वाक्य सांगितलं होतं, मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे असली की टोप विणता येत नाही. मला वाटलं, तू मनापासून दिलेलं परत आलं हे तुला कसं सांगू. आणि खरं सांगायचं तर थोडं असंही वाटलं, की आपण चतुराईने हे प्रकरण निभावून नेऊ. चाळीस वर्षं शब्दांत काढलेल्या माणसाला सरळ वाक्य सुचत नाही. ज्या मेंढपाळाच्या पोरीने मला अ गिरवायला शिकवलं, तिच्यापुढे मी अलंकार मांडत बसलो.

आता सगळं सांगतो, काहीही न झाकता. सृष्टीची वेणी सायलीलाच मिळेल असं नाही. एका खेपेला आलेल्या सगळ्या वेण्यांचे केस मिसळतात, रंग आणि जाडी पाहून लावतात. सायलीच्या टोपात कदाचित नांदेडच्या मुलीचे केस असतील आणि सृष्टीचे केस जालन्याच्या कुणाच्या डोक्यावर जातील. कुणाच्या, ते आपल्याला कधीही कळणार नाही. खेप पुरी झाली की सायलीला मिळणार, एवढं मात्र नक्की. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तू नाही म्हणशील अशी भीती होती.

तुझं पत्र मी सृष्टीला वाचायला दिलं. द्यायला नको होतं कदाचित. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आजीला सांगा, मी नाही कापत." जांभई दिली नाही.

तू नाही म्हणालीस तरी कोणी काही म्हणणार नाही. मी तर नाहीच.

खंडू

*

८ डिसेंबर

चि. खंडूस,

अनेक आशीर्वाद. सरळ लिहिता येतं की तुला. महिनाभर आधी लिहिलं असतं तर कागद वाचला असता.

कुणाच्या डोक्यावर जातील ते कळणार नाय, म्हणतोस. अरे, घोंगडी पांघरणाऱ्याला कुठं ठावं असतं, कोणत्या मेंढीची लोकर हाय ती? त्याला ऊब कळती. मेंढीला तर ते बी कळत नाय, ती पुढच्या रानाला लागलेली असती. हे मला भ्यायचं कारण नव्हतं, तू उगी झाकलंस.

शुक्रवारी, बारा तारखेला, अप्पारावासंगं येते. कांद्यावर बसून येईन, वास आला तर नाक धर.

सृष्टीला सांग, गुरुवारी शिकेकाईनं न्हायचं. तेलाचं बोट लावायचं नाय. न्हाव्याला, पार्लरवालीला हात लावू द्यायचा नाय. मी माझी कातर आणते. बापाची हाय, आवंदा धार लावून घेतली. तुझ्या लग्नात ती हरवली म्हणून सगळ्यांनी मला बोल लावला होता, ती माझ्याच पेटीत व्हती.

येणी मीच घालणार आणि मीच कातरणार. ती नाय म्हणाली तर मी तिच्याशी बोलंल. तेवढ्यापुरती येणी हाय अजून.

अक्का

*

२१ जानेवारी २०२६

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खराखुरा. एरंडाच्या पानाचा गुण आला.

तू गेल्यापासून पत्र लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं तूच सगळं पाहून गेलीस. संस्थेत अजून तुझी चर्चा आहे. श्रेया मॅडमनी कात्री पुढे केली तर तू तिची धार अंगठ्यावर पाहिलीस आणि परत दिलीस. मग पिशवीतून ती हातभर कातर निघाली तेव्हा दोन मुली दाराबाहेर गेल्या होत्या, तुला दिसलं नसेल. वेणीला वर एक आणि खाली एक अशी बांधणी तू न सांगता घातलीस, तेव्हा मॅडम म्हणाल्या, यांना आमच्याकडे शिकवायला पाठवा. मी म्हटलं, त्यांना घरी एक विद्यार्थी आहे, अजून नापास होतो.

तू सृष्टीला मुठीत वेणी धरून काय विचारलंस ते आम्हाला ऐकू आलं नाही. इतकं हळू बोलताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. तिची मान कशी हलली ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. मग कातर एकदाच वाजली.

आता बातमी. सायलीचा टोप सोमवारी आला. रंग तिच्या मूळ केसांहून किंचित तांबूस आहे. तिची आई हळहळली. सायली म्हणाली, फुकट रंगवून मिळाले. मंगळवारी ती कॉलेजात गेली. प्रयोगशाळेत सगळे तिच्याकडे बघतील म्हणून घाबरली होती, पण बघायला तिच्या शेजारी सृष्टी उभी होती. सगळ्या वर्गाने सृष्टीच्या उघड्या मानेकडे पाहिलं, काय झालं, का कापले, कुणी कापले. सायलीकडे कुणी पाहिलंच नाही. जाताना तिने तक्रार केली, की इतक्या महिन्यांनी मी येते आणि भाव ही खाते.

आरसा सरळ केला आहे. मी काल संध्याकाळी तिच्या घरी जाऊन पाहिला.

मांजरीची पिल्लं मोठी झाली. ती गेली तरी पोतं मी टाकलेलं नाही. का, ते विचारू नकोस. संग्रही असावं असं वाटतं.

सृष्टी शनिवारी दोन दिवसांसाठी तुझ्याकडे येते आहे. गेले चार दिवस ती सारखी मानेवरून हात फिरवते. काल जेवताना म्हणाली, "मामाआजोबा, आता आजीला माझं कसं कळणार?" मी म्हटलं, ते आजीलाच विचार.

तुझा
खंडू

*

२७ जानेवारी

चि. खंडूस,

अनेक आशीर्वाद.

पोर आली. टेम्पोतनं उतरली तवा केसरबाईच्या सासूनं कपाळाला हात लावला. मी म्हणले, तुमची गुंतवळ धाडली होती तवा नाय कपाळ दुखलं? तिला त्यातलं काय कळलं नाय, पण गप झाली.

संध्याकाळी सृष्टी आपसूक माझ्यापुढं येऊन बसली. सवयीनं. मी फणी घेतली हातात, आणि फणीला काम नाय. मग फणी खाली ठेवली आणि तिच्या मानंवर हात ठेवला. उघड्या मानंवर, जिथं येणी सुरू व्हायची तिथं. लहान व्हती तवा न्हाऊ घालताना ठेवायची तसा.

इचारलं, पुढं शिकायला लांब जायचंय का तुला? पुण्याला का कुठं?

खंडू, येणीतनं कळायला येळ लागायचा. मान हलायची, मग केस हलायचे, मग माझ्या मुठीत यायचं. आता मान हलायच्या आधीच कळलं. गळ्यात आवंढा आला तो बी कळला. व्हय म्हणाली. मग नाय म्हणाली. मग माझ्या पायाला धरून परत व्हय म्हणाली.

म्हणले, जा.

अकरा वर्षं मी तिला हातभर लांबून ऐकत व्हते, हे मला ठावंच नव्हतं.

सायलीला माझा आशीर्वाद सांग. तिचे स्वतःचे केस आले की टोप परत संस्थेला दे म्हणावं, दुसरीला व्हईल. ते पोतं टाकून दे, घाण करू नको घरात.

आणि तू शिमग्याला ये. आलास की तुझ्या डोक्यावर पण हात ठेवून बघणार हाय. तिथं तर मधी काहीच नाय. आता एक शब्द खोटा लिहून बघ.

तुझी
अक्का